शिंगाची अंगठी

पाऊस संपल्याचं आमच्याकडे कुणी जाहीर करत नाही. एके दिवशी दोरीवरचे कपडे दुपारीच वाळतात, भिंतीवरचं शेवाळ काळं पडून सोलवटायला लागतं, आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला पाण्याऐवजी पिकत्या भाताचा वास येतो. हवेत चतुर दिसतात. ऊन असं तापतं, की वैशाख काही विसरला होता आणि ते न्यायला परत आला असं वाटावं. हे दिवस फारसे कुणाला आवडत नाहीत. त्यांच्यात ना पावसाचा ओलावा, ना थंडीची ऐट. मला मात्र हे दिवस आले की एक बारीक, कोरडा आवाज ऐकू येतो. शिंगावर कानस फिरवल्याचा. खर्र, खर्र, मग जरा थांबणं, मग फुंकर, आणि पुन्हा खर्र. आवाजामागोमाग वासही येतो, चुलीत केस पडल्यासारखा. हा वास मला आवडतो, असं मी सहसा कुणाला सांगत नाही.

परवा ठाण्याला जांभळी नाक्यावर बांगड्या भरायला गेले होते. कासारानं माझा हात हातात घेतला, अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे दाबली आणि म्हणाला, "ताई, हात सैल सोडा. तुम्ही आवळून धरलात तर मला माप कसं कळणार?" मी हात सैल सोडला आणि बांगडी सुळकन आत गेली. बाहेर गोंड्याच्या फुलांचे ढीग लागले होते, ऊन भाजत होतं, आणि मी मनानं कल्याणच्या घराच्या मागच्या पडवीत जाऊन बसले होते.

तेव्हा आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ राहत होतो. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. स्वातंत्र्य नवं होतं, संस्थानं नुकतीच विलीन झाली होती, आणि गावातल्या प्रत्येक पुरुषाला पराक्रम करायची फार इच्छा होती. अडचण एवढीच, की शत्रू निघून गेला होता. अशा वेळी माणसं मिरवणुका काढतात. आमच्या व्यायामशाळेनं त्या वर्षी दसऱ्याला दुर्गाडीखालच्या मैदानात प्राचीन युद्धकलेची प्रात्यक्षिकं करायचं ठरवलं. त्यात धनुर्विद्या आली ती बापूसाहेबांमुळे.

बापूसाहेब म्हणजे एका संस्थानाच्या शिलेखान्यावरचे, म्हणजे शस्त्रागारावरचे, अधिकारी. संस्थान गेलं तसे मुलाकडे कल्याणला राहायला आले, ते दोन धनुष्यं, एक भाता आणि अंगठ्यांनी भरलेली एक लाकडी पेटी घेऊन. त्यांच्या बोलण्यावरून त्यांचं संस्थान बरंच मोठं असावं. ह्यांनी एकदा नकाशात शोधलं तेव्हा ते शाईच्या एका ठिपक्याखाली गेलं होतं. माणूस डौलाचा, फेट्याचा, मिशीचा. पण धनुष्य हातात घेतलं की डौल बाजूला राहायचा आणि ते अगदी हळू, विचार करत हालचाली करायचे. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे शिकायला पोरांची झुंबड उडाली. बाण लावायच्या आधी बरेच दिवस नुसती दोरी ओढायची आणि हळूच परत सोडायची, हे कळल्यावर पोरं पांगली. राहिली ती महिला शाखेत लेझीम खेळणारी माझी नणंद, कुसुम.

नात्यानं वन्सं, वयानं माझ्याएवढीच. चारचौघांत मी वन्सं म्हणायची, दोघीच असलो की कुसुम. मुलींच्या शाळेत शिकवायची. अक्षर इतकं देखणं, की शाळा सुटल्यावरही तिचा फळा पुसायला कुणाला धीर होत नसे. मी एकदा तिला विचारलं, "अगं, लेझीम आहे, शाळा आहे, घरचं आहे. ह्यात हे आणखी कशाला?" ती म्हणाली, "वहिनी, लेझीम सगळ्यांबरोबर खेळायची, शाळेत सगळ्यांना शिकवायचं, घरी सगळ्यांचं करायचं. दोरी ओढून धरली ना, की तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारत नाही." मलाही दिवसभर हाका येत होत्या.

मामंजींनी परवानगी दिली ती अटीवर. माझे सासरे निवृत्त पोस्टमास्तर. नियम नसला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. ते म्हणाले, "करायचं ते कर. पण हात शाळेचा आहे. रोज संध्याकाळी मला दाखवायचा. हाताला जखम दिसली, की त्या दिवशी धनुष्य बापूसाहेबांच्या घरी परत."

"अण्णा, जखम म्हणजे काय काय?" कुसुमनं विचारलं.

मामंजींनी क्षणभर विचार केला. "वळ चालेल. फोड चालेल, पण विचार करू. रक्त चालणार नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "दोघांनी मिळून कायद्याचं पुस्तक काढा आता."

आपण चित्रांत पाहतो त्यात धनुर्धारी दोन-तीन बोटांनी दोरी ओढतो. बापूसाहेबांची रीत वेगळी होती. दोरीत अंगठा अडकवायचा, तो वाकवायचा आणि त्याच्या नखावर तर्जनी दाबून कुलूप लावायचं. म्हणजे सगळा भार हातातल्या सगळ्यात आडमुठ्या बोटावर. दोरी सुटते ती अंगठ्याच्या पेरावरून घासत. म्हणून तिथे काहीतरी घालावं लागतं. बापूसाहेब त्या वस्तूला अंगुष्ठत्राण म्हणत. आमच्या घरात ते नाव दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकलं नाही, अंगठीच राहिली. सासूबाईंना तेही पटलं नव्हतं. "अंगठ्यात घालायची ती अनवट, आणि तीही पायाच्या. हिचं सगळंच उलटं."

पहिल्या दिवशी कुसुमनं नुसत्याच अंगठ्यानं ओढलं आणि संध्याकाळी पेरावर लाल खाच घेऊन आली. वळ होता, त्यामुळे पास झाली. मग तिनं चिंधी गुंडाळली, तर ती दोरीबरोबर पुढे सरकायची. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातलं अंगुस्तान घालून पाहिलं. ते बोटाच्या टोकाशी बसतं, दोरी बसते पेराशी. त्यामुळे अंगुस्तान उडून तुळशीत पडलं आणि सासूबाई दोन दिवस सुई हातात घेताना आम्हा दोघींकडे बघायच्या. मग कातडं. ह्यांचं एक जुनं पाकीट होतं, त्याचं कातडं वापरून वापरून अगदी मऊ झालेलं. कुसुमनं त्यातून अंगठ्यावर बसेल अशी टोपी कापली, शिवली, आणि ती खरोखर छान बसली. हे म्हणाले, "चला, त्या पाकिटात पहिल्यांदाच काहीतरी आलं." पण त्या दिवसांतला घाम! सकाळी कातडं शहाण्यासारखं वागायचं, दुपारी ओलं होऊन सैल पडायचं, आणि दोरी सुटायच्या ऐवजी त्याला चिकटून रेंगाळायची. बाण लक्ष्याच्या खाली जमिनीत जायचा.

तेव्हा बापूसाहेबांनी पेटी उघडली. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो होतो. मखमलीवर अंगठ्या मांडलेल्या: हस्तिदंताच्या, पितळेच्या, एक हिरव्या दगडाची. अंगठी कसली, एका बाजूला जिभेसारखी पुढे आलेली कडी. ती जीभ पेराखाली येते आणि दोरी तिच्यावरून सुटते. प्रत्येकीला इतिहास होता आणि बापूसाहेब तो सांगत होते. कुसुम ऐकत होती, मान हलवत होती, आणि एकेक अंगठी घालून काढून ठेवत होती. सगळ्या पुरुषांच्या अंगठ्याच्या मापाच्या. तिचा अंगठा त्यांच्यातून रिकाम्या दिवाणखान्यातून फिरल्यासारखा आरपार जायचा. तळाशी एक काळी अंगठी होती, अंगावर एक पांढरट रेघ असलेली. ती मात्र घट्ट होती, अर्ध्यावरच अडली.

"ती ठेवा हो," बापूसाहेब म्हणाले. "म्हशीच्या शिंगाची आहे. सरावाची. दरबारात घालायची नाही."

"दरबार आता कुठाय, बापूसाहेब?" कुसुमनं इतक्या सहज विचारलं, की मलाच घाम फुटला.

बापूसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग हसले. "तेही खरंच. न्या. घट्ट आहे तेच बरं. घट्टाची सैल करता येते, सैलाची घट्ट होत नाही."

आणि मग ते खर्र खर्र सुरू झालं. शाळेतून आली, चहा झाला, की कुसुम मागच्या पडवीत बसायची. समोर परसात तेरडा सुकायला लागलेला, केळीवर उन्हाची तिरीप. हातात मामंजींची कानस. दोन-चारदा फिरवायची, फुंकर मारायची, घालून बघायची आणि उठून दुसऱ्याच कामाला लागायची. मला आधी वाटलं, कंटाळली. तसं नव्हतं. ती अंगठी घालून तांदूळ निवडायची, अंगठी घालून भाजी चिरायची, विहिरीवरून पाणी आणून पुन्हा घालायची. म्हणाली, "वहिनी, अंगठा दिवसभर एकसारखा नसतो गं. सकाळी बारीक असतो, दुपारी खडू धरून आणि उन्हातून येऊन फुगतो, पाण्यात घातला की आक्रसतो. कुठल्या अंगठ्याच्या मापाची करू?"

मी विचारलं, "मग?"

"दुपारच्या. दसऱ्याला दुपारीच तर मारायचाय."

भोक तिनं गोल ठेवलंच नाही, लांबट केलं. अंगठी आधी आडवी करून सांध्यावरून आत सरकवायची आणि मग फिरवायची. फिरवली की ती सांध्यामागे अडकून बसते. खालून पाकिटातलंच पातळ कातडं चिकटवलं, म्हणजे घामानं घसरू नये. शेवटी खोबरेल तेल चोळून चोळून अशी केली, की काळ्या शिंगात खिडकी दिसायची. तिची कसोटीही तिनंच ठरवली होती: हात खाली सोडून जोरात झटकायचा. पडली तर सैल. पडली नाही, पण थोड्या वेळानं नख पांढरं झालं, तर घट्ट. दोन्ही नाही, तर बरोबर.

आपण आयुष्यात किती वस्तू अंगावर वागवतो. चष्मे, चपला, घड्याळं, पदव्या. त्यातलं किती आपण असं झटकून बघतो? मी तोवर बरीच पुस्तकं वाचली होती आणि माणसाच्या निष्ठेबद्दल, तपश्चर्येबद्दल पुष्कळ मोठे शब्द मला येत होते. पडवीत बसून तांदळातले खडे वेचणाऱ्या त्या काळ्या अंगठीकडे बघताना त्यातला एकही मला वापरावासा वाटला नाही.

रोज संध्याकाळी पानं मांडली की मामंजी म्हणायचे, "हात." कुसुम उजवा हात पुढे करायची. ते चष्मा लावून अंगठा बघायचे, दोन्ही बाजूंनी, पोस्टात वजन करायला आलेलं पार्सल बघावं तसे. मग म्हणायचे, "वाढा."

इकडे व्यायामशाळेत थाट वाढत चालला होता. अध्यक्ष म्हणजे लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांना त्यांच्या घरातसुद्धा अध्यक्ष म्हणत. शिंगाची अंगठी त्यांच्या कानावर गेली आणि त्यांना फार वाईट वाटलं. मुंबईहून पाहुणे येणार, आणि आपली कन्या म्हशीच्या शिंगाची अंगठी घालणार? त्यांनी चांदीची करवायला टाकली, वर मोराची नक्षी. सोनार येऊन कुसुमच्या अंगठ्याचं माप दोऱ्यानं घेऊन गेला. त्यानं आयुष्यभर अंगठ्या केल्या होत्या. अंगठी सांध्यावरून जायला हवी, म्हणून माप सांध्यावरचं घेतलं, आणि अंगठी गोल केली. त्याच्या दृष्टीनं काहीच चुकलं नव्हतं. शिवाय प्रात्यक्षिकासाठी नवे बाण आले. त्यांना साधी पिसं न लावता मोरपिसं लावली होती. सगळे म्हणाले, वा.

खंडेनवमीला शस्त्रपूजा. चांदीची अंगठी थेट पूजेतच आली. कुसुमची अंगठी आणि ते नवे बाणही पूजेत गेले. हळद-कुंकू, अक्षता, गोंडे. आणि एकदा पूजेत मांडलं, की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. ह्या बाबतीत बापूसाहेब, अध्यक्ष आणि माझ्या सासूबाई ह्यांचं प्रथमच एकमत झालं. म्हणजे जी अंगठी घालून नेम धरायचा, ती दोरी ओढण्याच्या क्षणापर्यंत कुणी बोटात घालून पाहायची नाही. त्या रात्री जेवताना मामंजींनी नेहमीसारखा हात पाहिला आणि एवढंच म्हणाले, "चांदी गुळगुळीत असते." कुसुम म्हणाली, "हो अण्णा."

दसऱ्याची दुपार. मैदानातलं गवत तुडवून सपाट झालेलं, खाडीचं पाणी उन्हात डोळ्यांना टोचत होतं, वर देवीच्या जत्रेतल्या पिपाण्या वाजत होत्या. पाहुणे आले होते; ते नक्की कशाचे होते हे शेवटपर्यंत कुणी स्पष्ट सांगितलं नाही. भाषणं झाली. प्रत्येकानं आपल्या पूर्वजांचा पराक्रम सांगितला, आणि सावलीत बसून सांगितला. कुसुम उन्हात उभी होती, कासोटा घातलेली, कपाळ घामानं चमकत होतं. समोर पेंढ्याच्या गंजीपुढे केळीचा खांब उभा केलेला. मी बायकांत पुढेच बसले होते. पुरुषांच्या पहिल्या रांगेत, अगदी कडेला, मामंजी.

उत्तरपूजा आटोपली आणि दोन्ही अंगठ्या ठेवलेलं तबक आलं. अध्यक्षांनी चांदीची अंगठी उचलून तिच्या हातात दिली. "घाला ताई. सगळे बघतायत."

कुसुमनं घातली. तिच्या अंगठ्यावर मोर फार शोभून दिसला. पाहुण्यांनीही मान डोलावली. मग तिनं हात तबकावर धरला, सैल सोडला आणि झटकला. अंगठी टणकन तबकात पडली. ढोलकीवाल्याला वाटलं खूण झाली, त्यानं थाप मारली आणि मग एकदम थांबला.

कुसुमनं काळी अंगठी उचलली. आडवी सरकवली, फिरवली, हात झटकला. काही पडलं नाही.

"ही पूजेची," ती म्हणाली. "ही कामाची."

"अहो, पण ताई, चांदीची..." अध्यक्षांचा चेहरा पडला होता. पाहुणे इकडेतिकडे पाहायला लागले. आणि तेवढ्यात बापूसाहेब फेटा सावरत पुढे आले, आणि संस्थानात कधीकाळी जो आवाज वापरत असतील त्या आवाजात ओरडले, "धनुर्धाऱ्याची निवड झाली! शस्त्र मान्य!"

जणू हे सगळं असंच ठरलेलं होतं. जणू शेकडो वर्षं दोन अंगठ्या मांडून धनुर्धाऱ्याची परीक्षा पाहण्याची रीतच होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षही टाळ्या वाजवायला लागले, आणि पाहुण्यांनी शेजारच्याला ही प्रथा कोणत्या काळातली म्हणून विचारल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. थाटामाटाबद्दल माझं मत तेव्हाही चांगलं नव्हतं, आजही नाही. पण त्या दिवशी थाटानं एका माणसाला वाचवलं, हे मला मान्य करायला हवं. बापूसाहेबांच्या त्या एका खोट्या ललकारीपुढे मी मनातल्या मनात फेटा उतरवला.

कुसुमनं दोरी ओढली. त्या वेळात तिला कुणी हाक मारली नाही. पहिला बाण केळीच्या खांबाला चाटून पेंढ्यात गेला. दुसरा खांबात घुसला. ओल्या मातीत पाय रुतावा तसा आवाज आला. तिसरा त्याच्या शेजारी. लोक उठून उभे राहिले, पोरं खांबाकडे धावली, ढोलकी सुरू झाली. सगळ्यांच्या नजरा केळीच्या खांबावर होत्या.

मी मात्र तिच्या हाताकडे पाहिलं. उजवा अंगठा निर्मळ होता. रक्त होतं डाव्या हातावर. ह्या पद्धतीत बाण धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर टेकतो आणि सुटताना तिथूनच जातो. मोरपिसांचे देठ पुढच्या बाजूला तसेच उघडे ठेवले होते, सुयांसारखे. इतके दिवस सगळं घर उजव्या अंगठ्याभोवती फिरत होतं. डाव्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं, तिचंसुद्धा नाही.

आपट्याची पानं वाटायला सुरुवात झाली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." गर्दीतून कुसुम माझ्याकडे आली. मी पदराआडून रुमाल पुढे केला आणि हळूच म्हणाले, "हातात पानं धर. वरून काही दिसत नाही. घरी गेल्यावर हळद लावू." तिनं रुमालाकडे पाहिलं, घेतला नाही. पानं माझ्याच हातात दिली. मग धनुष्य काखेत घेऊन, उरलेला एक बाण हातात धरून, ती सरळ मामंजींपुढे जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेले. ती वाकली, त्यांच्या पाया पडली आणि दोन्ही हात पुढे केले.

"अण्णा, रक्त आहे."

मामंजींनी चष्मा लावला. आधी उजवा हात पाहिला, दोन्ही बाजूंनी. मग डावा. अंगठ्याच्या सांध्यावरून रक्ताची बारीक रेघ मनगटापर्यंत आली होती. कुसुमनं काखेतलं धनुष्य काढून त्यांच्यापुढे धरलं. बापूसाहेब थोड्या अंतरावर थांबले होते; त्यांनाही अट ठाऊक होती.

मामंजींनी धनुष्य घेतलं नाही. तिच्या हातातला बाण घेतला. पिसाच्या देठावर आपलं बोट फिरवलं, आणि चटकन मागे घेतलं. बोटाकडे पाहिलं.

"हे टोक," ते म्हणाले.

"हो."

"ह्या हाताला काय घालतात?"

"अजून ठरवलं नाही, अण्णा. कातड्याचं काहीतरी करता येईल. नाहीतर देठावरच दोरा गुंडाळून टाकायचा."

"दोन्ही करून बघ," मामंजी म्हणाले, आणि बाण तिच्या हातात परत दिला.